एज्युकेशन लोनचा हप्ता हलका कसा करायचा, आणि माफीच्या आशेवर काय करायचं नाही

निवडणूक जवळ आली की एक मेसेज कुठून तरी फिरायला लागतो. शैक्षणिक कर्ज माफ होणार आहे, सध्या हप्ते भरू नका, सगळ्या ग्रुपवर पाठवा. आणि पोरं खरंच थांबतात हो. एक हप्ता जातो, दुसरा जातो, मग बँकेचा फोन येतो, मग वडिलांना फोन जातो, आणि मग आमच्यासारख्याला फोन येतो की दादा आता काय करू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, कर्ज घ्यायच्या आधीपासून ते बँकेतून कागद परत आणेपर्यंत. मधे सरकारने माफ करावं का यावर माझं मत पण आहे, ते पटलं नाही तर सोडा, बाकीचं तरी करा. कारण माफी येईल तेव्हा येईल, पण व्याजातली सवलत आज आहे, सरकारी कागदावर आहे, आणि मागितल्याशिवाय ती कोणी घरी आणून देत नाही.

आजवर माफीच्या नावाखाली नक्की काय मिळालंय

फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम बजेटमधे तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी जाहीर केलं की ३१ मार्च २००९ पर्यंत घेतलेल्या शैक्षणिक कर्जांवर ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत जे व्याज थकलंय ते सरकार भरेल. साधारण ९ लाख विद्यार्थी, २६०० कोटी रुपये. म्हणजे व्याज माफ झालं, मुद्दल नाही, आणि १ जानेवारी २०१४ नंतरचं व्याज परत विद्यार्थ्याच्याच बोकांडी. २०१७ मधे केरळ सरकारने ९०० कोटींची योजना आणली, त्यात पण उत्पन्नाची अट, कर्जाच्या रकमेची अट आणि विद्यार्थ्याने आपला वाटा भरायचाच. २०२४ ला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात १५ मार्च २०२४ पर्यंतची थकबाकी व्याजासकट माफ करू असं होतं, सरकार आलं नाही, विषय संपला. अमेरिकेत बायडेन यांनी ऑगस्ट २०२२ मधे माणशी १०,००० डॉलर, काहींना २०,००० डॉलर माफ करायचं जाहीर केलं, कोट्यवधी लोकांनी अर्ज पण भरले, आणि जून २०२३ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने योजनाच उडवली. (आपली जी पोरं एमएस करायला जातात त्यांचा त्या योजनेशी तसाही संबंध नव्हता, एफ-१ व्हिसावाल्याला तिथलं सरकारी कर्जच मिळत नाही, त्यांचं कर्ज पुण्या-नाशिकच्या बँकेत आणि सही बापाची.)

यातून घ्यायचं ते एवढंच की जिथे जिथे दिलासा मिळाला तिथे ठरावीक तारीख होती, ठरावीक उत्पन्न होतं, आणि ज्याच्याकडे कागद होते त्याला मिळाला. मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याला कुणी काही दिलं नाही.

कर्ज घ्यायच्या आधी

सगळ्यात स्वस्त कर्ज म्हणजे जे घ्यावंच लागलं नाही ते. महाडीबीटीवरचा (राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) अर्ज आधी, बँक नंतर. ओपनमधल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर ट्यूशन फीचे ५० टक्के मिळतात, आणि २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, उत्पन्नाची अट तीच ८ लाख. यात कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन लागतं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर हे गेलं, आणि पुढे केंद्राच्या व्याज सवलतीच्या विद्यालक्ष्मी योजनेतून पण नाव गेलं. म्हणजे "थोडे जास्त पैसे जातील पण घराजवळचं कॉलेज मिळेल" असा हिशोब घरात चालू असेल तर तो हिशोब परत मांडा, कारण तिथे नुसती फी जास्त जात नाही, सवलतीही बुडतात.

आता एक कटकट आहे ती सांगतो. बरीच कॉलेजं म्हणतात आधी पूर्ण फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देतो. आणि सरकारचे पैसे येतात सावकाश. मग पोरगं पूर्ण फीचं कर्ज काढतं आणि जे पैसे सरकार भरणार होतं त्यावर पण व्याज चढत बसतं. यावर उपाय, कॉलेजकडे लेखी अर्ज द्या की मी शिष्यवृत्तीला पात्र आहे, माझ्या वाट्याचीच फी घ्या, आणि अर्जावर इनवर्डचा शिक्का मारून आपली कॉपी ठेवा. शिक्का महत्त्वाचा. नाहीच ऐकलं तर शिष्यवृत्ती जमा झाली त्याच आठवड्यात ती कर्ज खात्यात टाका, त्यातून मोबाईल घेऊ नका.

मग बँक. मोठ्या फीच्या कॉलेजमधे ॲडमिशनच्या दिवसांत कर्ज कंपन्यांची टेबलं लागलेली असतात, दोन दिवसात सँक्शन, घरी येऊन सही. हे एनबीएफसीवाले, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्या, फास्ट असतात यात वाद नाही, आणि परदेशी जाणाऱ्याला कधी कधी दुसरा पर्याय पण नसतो. पण केंद्राची व्याज सवलत एनबीएफसीच्या कर्जाला लागत नाही, आणि व्याजदर पण सरकारी बँकेपेक्षा बऱ्याचदा वरच असतो. देशात शिकायचं असेल आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर पंधरा दिवस जास्त गेले तरी चालतील पण सरकारी बँकेतच जा.

उत्पन्नाचा दाखला हा सगळ्या खेळातला हुकमाचा पत्ता आहे. तहसीलदाराचा, आपलं सरकार पोर्टलवरून किंवा सेतूतून काढलेला. जूनमधे सेतूबाहेर रांग असते, सर्व्हर डाऊन असतो, त्यामुळे बारावीचा निकाल लागायची वाट न बघता मे महिन्यातच काढून ठेवा.

दाखल्यावर काय आकडा आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. ४.५ लाखांच्या आत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना, जी बँकेत सीएसआयएस नावाने ओळखतात. कोर्स चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष, एवढ्या काळाचं पूर्ण व्याज सरकार भरतं, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर. कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक हवा, भारतातला हवा, आणि कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए मानांकन हवं (आयआयटी, एनआयटीसारख्या केंद्राच्या संस्था चालतात). हे मानांकन ॲडमिशन घ्यायच्या आधी बघा, नंतर बघून उपयोग नाही. कॉलेजचा माणूस "प्रोसेसमधे आहे" म्हणाला तर समजा नाहीये. ही सवलत आयुष्यात एकदाच, डिग्रीला घेतली तर पीजीला नाही, आणि कोर्स अर्धवट सोडला तर जाते.

४.५ ते ८ लाखांच्या मधे असाल तर पीएम विद्यालक्ष्मी. नोव्हेंबर २०२४ मधे कॅबिनेटने मंजूर केली. यात मोरेटोरियमच्या काळात (हप्ता सुरू व्हायच्या आधीचा काळ, म्हणजे कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष) ३ टक्के व्याज सवलत, १० लाखांपर्यंत, पण कॉलेज त्यांच्या यादीत हवं, पहिल्या यादीत ८६० संस्था होत्या, आणि ही ३ टक्केवाली सवलत वर्षाला फक्त १ लाख नवीन विद्यार्थ्यांना. अख्ख्या देशात १ लाख. त्यामुळे सवलत मिळेलच असं धरून घरचं बजेट बसवू नका, मिळाली तर आनंद.

आणि राज्याच्या महामंडळांकडे लोक बघतच नाहीत. ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, देशातल्या शिक्षणासाठी १० लाख, परदेशासाठी २० लाखांपर्यंतच्या कर्जावर, व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतं. पण नावातच परतावा आहे, म्हणजे आधी तुम्ही भरायचं मग ते देणार. हप्ता थकवला की परतावा नाही. अल्पसंख्याक समाजातल्यांसाठी मौलाना आझाद महामंडळ आहे, अनुसूचित जातींसाठी महात्मा फुले महामंडळ आहे. जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात एक चक्कर मारा, कुठली योजना चालू आहे आणि कुठल्याला निधी आलाय हे तिथल्या क्लार्कला वेबसाइटपेक्षा चांगलं माहिती असतं.

आकडे बघितल्याशिवाय हे पटत नाही

समजा इंजिनिअरिंग, चार वर्षं, दर वर्षी २ लाख उचलले, व्याज १० टक्के. एकूण उचल ८ लाख. शिकताना सरळव्याज लागतं, ते चार वर्षं अधिक एक वर्ष चढत जातं आणि २ लाख ८० हजार होतं. हप्ता सुरू व्हायच्या दिवशी हे व्याज मुद्दलात मिसळतं आणि तुमचं कर्ज होतं १० लाख ८० हजार. इथून पुढे व्याजावर व्याज. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता १४,२७२ रुपये.

आता हेच पोरगं सीएसआयएसमधे बसलं असतं तर ते २ लाख ८० हजार सरकारने भरले असते, कर्ज ८ लाखच राहिलं असतं आणि हप्ता १०,५७२. महिन्याला ३,७०० रुपयांचा फरक, दहा वर्षं, म्हणजे ४ लाख ४४ हजार. एका दाखल्यावर आणि एका मानांकनावर.

सवलतीत बसत नसाल तरी एक गोष्ट हातात आहे. शिकत असतानाच व्याज भरत जा. पहिल्या वर्षी २ लाखांवर महिन्याला साधारण १,६६७ रुपये होतात, चौथ्या वर्षी ६,६६७. घरून पूर्ण जमत नसेल तर अर्धं भरा, जेवढं भराल तेवढं मुद्दलात मिसळायचं वाचेल. पूर्ण भरलं तर वरच्या हिशोबात एकूण १ लाख ६० हजारांच्या वर वाचतात, आणि काही बँका असं व्याज वेळेवर भरणाऱ्याला दरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. ही सूट सँक्शन लेटरच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक अक्षरात असते, मॅनेजर तोंडाने सांगेलच असं नाही, त्यामुळे सही करण्याआधी ते पान स्वतः वाचा.

बँकेत गेल्यावर

अर्ज ऑनलाइन करा, विद्यालक्ष्मीच्या पोर्टलवर, म्हणजे तारखेची नोंद राहते. नुसतं ब्रांचमधे जाऊन विचारलं की "सध्या एज्युकेशन लोन बंद आहे" असं उत्तर मिळतं आणि त्याचा पुरावा काही राहत नाही. नेहमी ऐकू येणारी कारणं आणि त्यांची उत्तरं सांगतो.

"तुमचं गाव आमच्या एरियात येत नाही." रिझर्व्ह बँकेने २०१२ मधेच बँकांना सांगितलंय की सर्व्हिस एरियाच्या कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारू नका. "तारण काय देणार?" साडेसात लाखांपर्यंत केंद्राची क्रेडिट गॅरंटी आहे, २०१५ पासून, कर्ज बुडालं तर ७५ टक्क्यांची हमी सरकारची, त्यामुळे तिथपर्यंत तारण मागायचं काम नाही. "मुलाचा सिबिल कमी आहे." सिबिल म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरचा स्कोअर. केरळ हायकोर्टाने २०२३ मधे सांगितलं की विद्यार्थ्याचा स्कोअर कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. महाराष्ट्रातला मॅनेजर केरळच्या निकालाला किती मान देईल तो भाग वेगळा, पण अर्जात उल्लेख करा, फरक पडतो. आई-वडिलांचा सिबिल मात्र बघतातच, तिथे जुनं ट्रॅक्टरचं किंवा बचत गटाचं काही थकलेलं असेल तर आधी ते निस्तरा.

नाकारलंच तर लेखी मागा. बँकांच्या आदर्श योजनेतच लिहिलंय की वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय शैक्षणिक कर्जाचा अर्ज फेटाळायचा नाही. "लेखी द्या साहेब" हे तीन शब्द शांतपणे म्हटले की बऱ्याच वेळा साहेबांना अचानक एखादा मार्ग आठवतो. नाही आठवला तर कलेक्टर ऑफिसच्या आसपास अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकाचं ऑफिस असतं, तिथे अर्ज द्या. हा माणूस जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या बैठकीत आकडे मांडतो, आणि कुठली बँक शैक्षणिक कर्जात मागे आहे हे तिथे कलेक्टरसमोर निघतं.

आणि ते विमा प्रकरण. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या कर्जात एका बँकेने मोठी विमा पॉलिसी घुसवली होती, हप्त्यात प्रीमियम जोडून, आणि घरच्यांना वाटत होतं की तो कर्जाचाच भाग आहे. कर्जापुरता साधा जीवन विमा घेणं चांगलंच, पोरगं गेलं तर बापावर डोंगर नको. पण गुंतवणुकीची पॉलिसी घेतल्याशिवाय कर्ज नाही असं कोणी म्हणत असेल तर ते पण लेखी मागा.

शिकत असताना

दर वर्षी मार्क्सशीट आणि बोनाफाईड बँकेत नेऊन द्या. व्याज अनुदानाचा क्लेम तुमची बँक नोडल बँकेकडे, म्हणजे कॅनरा बँकेकडे टाकते. क्लेम टाकायचं काम बँकेचं, त्यामुळे ब्रांचमधल्या माणसाने बटण दाबलं का हे विचारत राहणं आपल्या हातात. वर्षातून दोनदा कर्ज खात्याचं स्टेटमेंट काढा. त्यात व्याज नावे टाकल्याच्या ओळी दिसतील, आणि अनुदान आलं असेल तर जमेची ओळ दिसेल. जमेची ओळ नाही म्हणजे अनुदान नाही, मग मॅनेजर कितीही "होऊन जाईल" म्हणू दे. ब्रांचमधला लोनचा ऑफिसर बदलून गेला की फाईल कपाटातच राहते, हे इतक्या ठिकाणी बघितलंय की नवीन ऑफिसर आला की पेढे नाही पण दाखल्याची झेरॉक्स घेऊन भेटायला जाच.

नोकरी लागली

पहिल्या पगाराला बाईक नाही. हप्ता किती वर्षांचा ठेवायचा हे आधी ठरवा. वरच्याच १० लाख ८० हजारांचा हप्ता पंधरा वर्षांसाठी ११,६०६ होतो, म्हणजे महिन्याला अडीच हजार कमी, छान वाटतं, पण एकूण फेड १७ लाख १३ हजारांवरून २० लाख ८९ हजारांवर जाते. माझा सल्ला, पगार कमी असेल तर मुदत लांब घ्या, पण वर्षातून एकदा बोनस, दिवाळी, जे काय मिळेल ते मुद्दलात मारा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, व्यक्तीने घेतलेल्या अशा कर्जाला आधी फेडल्याचा दंड बँक आणि एनबीएफसी दोघांनाही लावता येत नाही. आणि हे सुरुवातीच्या वर्षांतच करा, कारण १४,२७२ च्या पहिल्या हप्त्यातले ९,००० व्याजात जातात, मुद्दल कमी होतं फक्त ५,२७२ ने. पैसे टाकताना "मुद्दलात जमा करा" असं सांगा, नाहीतर बँक पुढचे हप्ते ॲडव्हान्समधे आले असं धरते.

इन्कम टॅक्समधे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) भरलेलं पूर्ण व्याज उत्पन्नातून वजा होतं, रकमेला मर्यादा नाही, आठ वर्षं मिळतं. पण फक्त जुन्या टॅक्स पद्धतीत. नवीन पद्धत घेतली असेल तर शून्य. मुलासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज वडील भरत असतील तर वजावट ते घेऊ शकतात, काकांकडून घेतलेल्या उसन्याला मात्र हे नाही. परदेशात फी पाठवणाऱ्यांसाठी एक बरी गोष्ट, १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापत नाहीत.

नोकरी लागलीच नाही तर

इथे खरी गोची आहे आणि इथेच लोक सगळ्यात जास्त चुका करतात, कारण लाज वाटते. फोन उचलत नाहीत, नंबर बदलतात, आणि बँक मग सहकर्जदाराला म्हणजे बापाला धरते. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. त्याचा डाग तुमच्या सिबिलवर आणि बापाच्या सिबिलवर पण. मग बापाचं दुसरं कर्ज अडकतं, बहिणीचं शैक्षणिक कर्ज अडकतं, हे सगळं एका न उचललेल्या फोनवरून.

तर करायचं काय. मोरेटोरियम संपायच्या दोन-तीन महिने आधीच, नोकरी नाही किंवा पगार अगदीच तुटपुंजा आहे असं दिसलं की बँकेला अर्ज लिहा. २०१५ च्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, जी बँकांच्याच असोसिएशनने बनवली आहे, बेरोजगारी किंवा कमी पगाराच्या काळासाठी परत मोरेटोरियम द्यायची तरतूद आहे, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, कर्जाच्या काळात दोन-तीनदा. सुरुवातीला लहान हप्ता आणि नंतर वाढत जाणारा हप्ता, अशी सोय पण त्यात आहे. स्टार्टअप काढला असेल तर इनक्युबेशनच्या काळासाठी पण आहे. हे बँकेने "देऊ शकते" असं आहे, "दिलंच पाहिजे" असं नाही. पण न मागणाऱ्याला कोण देणार.

अर्ज साधा असू दे. "मी अमुक खाते क्रमांकाचा कर्जदार, माझा कोर्स अमुक महिन्यात संपला, सध्या नोकरी नाही, सोबत अर्ज केलेल्या नोकऱ्यांचे ईमेल जोडलेत, आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतल्या तरतुदीप्रमाणे सहा महिने मुदतवाढ मिळावी, तोपर्यंत दरमहा १,००० रुपये व्याजापोटी भरायची माझी तयारी आहे." ते शेवटचं वाक्य टाकाच. काहीतरी भरतोय म्हटल्यावर बँकेचा सूर बदलतो. एक कॉपी इनवर्ड करून घ्या, एक ईमेलने पाठवा. आणि हे खातं एनपीए व्हायच्या आधी, नंतर सगळं अवघड होतं.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेजाऱ्यांना, गावातल्या ग्रुपवर, हॉटेलवाल्याला सांगणं तर अजिबातच चालत नाही. असं झालं तर फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी बँकेकडे लेखी तक्रार, ३० दिवसात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट असते, वकील लागत नाही. शेतजमिनीवर जप्ती येईल अशी धमकी देतात, तर सरफेसी कायदा, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा कायदा, शेतजमिनीला लागू नाही. याचा अर्थ बँक कोर्टात जाऊच शकत नाही असा नाही, पण उद्या सकाळी येऊन बोर्ड लावतील ही भीती तरी नको.

लोकअदालतीत तडजोड होते, एकरकमी भरून कमी रकमेत मिटवता येतं. फक्त हे माहीत असू दे की मग सिबिलवर "सेटल्ड" असा शेरा पडतो, "क्लोज्ड" नाही, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शेरा समोर येतो. अगदी दुसरा इलाज नसेल तेव्हाच.

मग सरकारने माफ करावं का

सरसकट, नाही. मला माहितीये यावर शिव्या पडणार आहेत. शेतकऱ्याला माफी मग आम्हाला का नाही, हा प्रश्न रास्त आहे. पण शेतकरी कर्जमाफीचंच बघा ना. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला दोन लाखापर्यंत झाली, आणि प्रत्येक वेळी ज्याने दागिने मोडून वेळेवर भरलं तो येडा ठरला, मग त्याच्यासाठी ५० हजारांचं प्रोत्साहन जाहीर करावं लागलं आणि ते हातात पडायला किती वाट बघितली ते गावोगाव विचारा. शैक्षणिक कर्जात तर आणखी एक गंमत आहे. सगळ्यात गरीब घरातल्या पोराला मुळात कर्जच मिळालेलं नसतं, त्याने शिक्षण सोडलेलं असतं किंवा मामाकडून उसने घेतलेले असतात. माफी दिली तर ती ज्याला कर्ज मिळालं त्याला जाणार, आणि ज्याचं कर्ज मोठं त्याला जास्त जाणार. चाळीस लाखांवर मेलबर्नला गेलेल्याचा फायदा आणि डी.फार्मसीच्या पोराला ठेंगा.

पण म्हणून सरकारने हात झटकावेत असं पण नाही. ४.५ लाखांची उत्पन्न मर्यादा २००९ ची आहे. २००९ पासून फी कुठे गेली, पगार कुठे गेले, आणि मर्यादा तिथेच. नवरा-बायको दोघं पंधरा-वीस हजारांवर राबत असतील तरी घराचं उत्पन्न ४.५ लाखांच्या काठावर येतं, आणि एका हजाराने वर गेलात की पूर्ण अनुदानावरून थेट ३ टक्के, तेही कॉलेज यादीत असेल तर. हे सरकारने बदललं पाहिजे, ८ लाखांपर्यंत पूर्ण व्याज आणि त्यापुढे उतरतं. दुसरं, बेरोजगारीतली मुदतवाढ मॅनेजरच्या मर्जीवर नको, हक्क म्हणून द्या आणि त्या काळातलं व्याज सरकारने उचला. तिसरं, मानांकन नाही ही चूक कॉलेजची, शिक्षा पोराला का? ज्या कॉलेजला फी घ्यायची परवानगी सरकारच देतं तिथल्या विद्यार्थ्याला अनुदान नाही म्हणायचं, हे काही मला पटत नाही.

मागायचं तर असं मुद्द्याने मागा. खासदाराला नुसतं "कर्ज माफ करा" असं निवेदन दिलं की तो फोटो काढून मोकळा होतो. "४.५ लाखांची मर्यादा २००९ पासून का बदलली नाही असा प्रश्न लोकसभेत विचारा" असं दिलं तर त्याला काहीतरी करावं लागतं, कारण लोकसभेतल्या प्रश्नाला मंत्र्याला आकड्यासकट उत्तर द्यावं लागतं. माहिती अधिकारात दहा रुपयांत सरकारी बँकेला विचारता येतं की आपल्या जिल्ह्यात शैक्षणिक कर्जाचे किती अर्ज आले, किती फेटाळले, किती जणांचा अनुदानाचा क्लेम टाकला. हे आकडे घेऊन स्थानिक पत्रकाराकडे जा. विद्यार्थी संघटनांनी हे काम घेतलं तर मोर्च्यापेक्षा जास्त होईल असं मला वाटतं, पण मोर्च्याचा फोटो चांगला येतो.

कर्ज फिटल्यावर

शेवटचा हप्ता गेला, मेसेज आला, पार्टी झाली, आणि लोक बँकेत जायचं विसरतात. नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या. खात्यात पाच-दहा रुपयांचं व्याज शिल्लक राहिलंय का बघा, कारण असल्या किरकोळ रकमेवरून खातं उघडं राहतं आणि दोन वर्षांनी सिबिलवर थकबाकी दिसते. महिना-दीड महिन्याने सिबिलचा रिपोर्ट काढून कर्ज "क्लोज्ड" दिसतंय का बघा, स्वतःचा पण आणि सहकर्जदाराचा पण. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला घराचे किंवा प्लॉटचे कागद तारण दिले असतील तर पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसात मूळ कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. कागद घेताना पानं मोजून घ्या, आणि बोजा चढवला असेल तर तो उतरवल्याची नोंद सिटी सर्व्हेला किंवा तलाठ्याकडे झाली का ते त्याच आठवड्यात बघून या.